ट्रू डिटेक्टिव्ह: चारही सीझन ओळीने पाहताना

एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ या पोलिसी मालिकेचा विषय निघाला की ठरलेला निकाल ऐकायला मिळतो. पहिला सीझन अफाट, दुसरा भिकार, तिसरा बरा आणि चौथ्यावरून भांडण. बहुतेकांनी हा निकाल मालिका जशी आली तशी पाहून दिलेला आहे. पहिला सीझन २०१४ चा, दुसरा २०१५ चा, तिसरा २०१९ चा आणि चौथा २०२४ चा. दर वेळी नवी गोष्ट, नवं गाव, नवे पोलीस. मधल्या वर्षांत पहिल्याची कीर्ती फुगत गेली आणि पुढचा प्रत्येक सीझन त्या कीर्तीशी तोलला गेला. म्हणून चारही ओळीने पाहायचं ठरवलं. गणपती उठल्यावर सुरुवात केली, नाताळच्या सुट्टीत शेवटचा भाग झाला. कुणाला हाच बेत करायचा असेल तर कुठे अडकायला होतं, कुठे सोडून द्यावंसं वाटतं आणि त्याचं कारण काय, ते क्रमाने लिहितोय. खुनी कोण हे कुठेही सांगितलेलं नाही. रचनेबद्दल मात्र हात राखून लिहिलेलं नाही.

आधी पाहायची सोय. एचबीओ वाहिनी भारतात १५ डिसेंबर २०२० ला बंद झाली. एचबीओच्या मालिका ३१ मार्च २०२३ पर्यंत हॉटस्टारवर होत्या, त्यानंतर त्या जिओसिनेमाकडे गेल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ही दोन्ही एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं. त्यामुळे जुन्या लेखांतले ‘इथे पाहा’ हे सल्ले शिळे झालेत. पैसे भरण्याआधी ॲपमध्ये मालिकेचं नाव टाकून चारही सीझन यादीत आहेत ना, हे बघून घ्या. मग प्लॅनच्या अटी वाचा. सगळ्यात स्वस्त प्लॅन मोबाइलपुरता असतो. जिओहॉटस्टार सुरू झालं तेव्हा तो तीन महिन्यांना १४९ रुपये होता, पण दर आणि अटी सारख्या बदलतात, तेव्हा भरायच्या दिवशीचाच आकडा खरा धरा. ही मालिका मोबाइलवर पाहण्यात अर्थ नाही, चौथा सीझन तर अजिबात नाही. एकूण भाग तीस (आठ, आठ, आठ आणि सहा), बहुतेक तासाभराचे, शेवटचे त्याहून लांब. आठवड्याला तीन भाग पाहिले तर अडीच महिने लागतात, म्हणजे तिमाही प्लॅन पुरतो, वर्षाचा घेऊ नका. यूपीआयने भरताना ऑटोपेची परवानगी मागितली जाते. ती देऊन बसला असाल तर यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन लगेच रद्द करता येते. भरलेली मुदत साधारणपणे त्यानेही चालूच राहते.

इंग्रजी सबटायटल्स पहिल्या भागापासून लावून ठेवा. इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी लावा. पहिल्या सीझनमधला मॅथ्यू मॅकॉनहे तोंडातल्या तोंडात बोलतो, आणि त्याचं एखादं वाक्य निसटलं की पुढची दोन मिनिटं ते काय होतं यातच जातात.

पहिल्या सीझनमध्ये १९९५ साली लुइझियानाच्या उसाच्या पट्ट्यात एका तरुणीचा खून होतो. डोक्याला हरणाची शिंगं बांधून, झाडाखाली गुडघ्यांवर बसवलेलं प्रेत. रस्ट कोल (मॅकॉनहे) आणि मार्टी हार्ट (वुडी हॅरलसन) हे राज्य पोलिसांतले दोघे तपास करतात. २०१२ मध्ये दुसरे दोन अधिकारी या दोघांना वेगवेगळं बसवून त्या जुन्या तपासाच्या जबान्या घेतात. मध्येच २००२ चा तुकडा येतो, ज्यात या दोघांचं कायमचं फाटलं. कोणता काळ चाललाय ते रस्टच्या केसांवरून ओळखायचं. १९९५ मध्ये नीट कापलेले, २०१२ मध्ये मागे बांधलेले, जोडीला लोंबत्या मिश्या आणि समोर बिअरचे डबे. हे अंगवळणी पडेपर्यंत पहिले दोन भाग सलग पाहावेत. पुढे दिवसाला एकच. हा सीझन भराभर पाहिला तर रस्टचं तत्त्वज्ञान नुसतं गुऱ्हाळ वाटायला लागतं.

चौथ्या भागाच्या शेवटचा सहा मिनिटांचा, एकदाही न तोडलेला शॉट सगळ्यात गाजला. तो आहेच तसा. पण सीझन उभा आहे तो पाचव्या भागावर. तिथे दोघेही जबानीत एकच हकिकत सांगतात, आणि त्याच वेळी पडद्यावर आपल्याला भलतंच दिसतं. तोवर जुन्या आठवणी वाटणारं बोलणं एकदम संगनमत ठरतं, आणि प्रश्न विचारणारे दोघे नेमके कशासाठी विचारतायत हेही उलगडायला लागतं. निक पिझोलाटोने आठही भाग एकट्याने लिहिले आणि केरी जोजी फुकुनागाने आठही भाग दिग्दर्शित केले. अमेरिकी टीव्हीत लेखकांची खोली (म्हणजे अनेकांनी मिळून लिहिणं) आणि भागागणिक बदलते दिग्दर्शक हा रिवाज असताना हे फार वेगळं होतं. छायाचित्रकारही शेवटपर्यंत एकच, ॲडम आर्कापॉ, आणि चित्रण फिल्मवर. २०१४ च्या एमी पुरस्कारांत दिग्दर्शन आणि छायाचित्रण दोन्हींची दखल घेतली गेली.

आता खोटही सांगितली पाहिजे, कारण पुढच्या सीझनना ज्या दोषांसाठी झोडपलं गेलं ते इथेही आहेत. बायका जवळपास सगळ्या नवऱ्यांच्या किंवा गुन्ह्यांच्या निमित्ताने येतात. मिशेल मोनाहनची मॅगी तेवढी तग धरते, ती तिच्या अभिनयामुळे. रॉबर्ट चेंबर्सच्या १८९५ च्या पुस्तकातून उचललेले ‘पिवळा राजा’ आणि ‘कार्कोसा’ हे उल्लेख असे पेरलेत की शेवटी काहीतरी अद्भुत उलगडणार असं वाटत राहतं. उलगडतं ते साधं आहे. बड्या लोकांपर्यंत जाणारा धागा तर अर्धाच सुटतो. त्या वेळी दर आठवड्याला नव्या तर्कांचा पाऊस पडला होता, आणि शेवटच्या भागाने त्यातल्या बऱ्याच जणांचा हिरमोड केला. आज पाहताना ते तर्क शोधायला जाऊच नका. दोन दमलेल्या माणसांची गोष्ट म्हणून पाहिलं तर शेवट पुरेसा आहे.

पहिला संपल्यावर लगेच दुसरा लावू नये. मी लावला, पण शिफारस करणार नाही. निदान पंधरा दिवस जाऊ द्या. त्याहून बरं म्हणजे १, ३, २, ४ असा क्रम ठेवा. तिसऱ्याची जातकुळी पहिल्याचीच आहे आणि त्याच्या सातव्या भागात पहिल्या प्रकरणाचा उल्लेखही येतो. दुसऱ्याचा कशाशीच संबंध नाही, त्यामुळे तो कुठेही बसतो.

दुसऱ्या सीझनला बसताना शेजारी कागद-पेन हवं. गोष्ट व्हिन्सी नावाच्या काल्पनिक शहरात घडते, आणि ते लॉस एंजेलिसजवळच्या व्हर्नन या खऱ्या औद्योगिक शहरावर बेतलेलं आहे. कारखाने ढीगभर आणि राहणारी माणसं मूठभर, त्यामुळे नगरपालिका म्हणजे दोन-चार लोकांची जहागीर. शहराचा व्यवस्थापक कॅस्पेअर याचा खून होतो. प्रस्तावित रेल्वेमार्गालगतच्या जमिनींचा व्यवहार त्याच्या हातात होता, आणि गुंडगिरीतून ‘प्रतिष्ठित’ व्हायला निघालेल्या फ्रँक सेमियनचे (विन्स वॉन) सगळे पैसे त्याच्याकडे अडकलेले होते. प्रकल्पाची आखणी जाहीर व्हायच्या आधी जमिनी कोण घेतं, हे मराठी वाचकाला नव्याने समजवायला नको. हा भाग आपल्याला अमेरिकी प्रेक्षकांपेक्षा लवकर कळतो.

घोळ होतो तो तपासाच्या हद्दीत. तपासाला तीन खात्यांचे तिघे आहेत. रे वेल्कोरो (कॉलिन फॅरेल) व्हिन्सी पोलिसांचा, ॲनी बेझेरिडीस (रेचल मॅकॅडम्स) व्हेंचुरा काउंटीच्या शेरीफ कार्यालयाची आणि पॉल वुडरू (टेलर किच) महामार्ग पोलिसांचा. प्रत्येकाला वरून वेगळी कानगोष्ट सांगितलेली आहे. व्हिन्सीला प्रकरण आटोक्यात ठेवायचंय, राज्य सरकारला या खुनाच्या निमित्ताने व्हिन्सीचा भ्रष्टाचार खणायचाय, आणि रे तर फ्रँकच्याही उपकाराखाली आहे. कुणाचा साहेब कोण आणि त्याने काय सांगितलं, एवढं पहिल्या दोन भागांतच कागदावर लिहून ठेवलं तर पुढचे सहा भाग कळतात. न लिहिता पाहिलं तर चौथ्या-पाचव्या भागात हात टेकावे लागतात. स्टॅन नावाचा एक जण मरतो आणि सगळे हळहळतात, तेव्हा हा स्टॅन कोण हे बहुतेक प्रेक्षकांना आठवेना. तो तेव्हा चेष्टेचा विषय झाला होता. १९९२ च्या लॉस एंजेलिस दंगलीच्या वेळी झालेल्या हिऱ्यांच्या चोरीचा धागा असाच. तो ओझरता येतो आणि शेवटी सगळा भार त्याच्यावर पडतो. त्याखाली दोन रेघा मारून ठेवा.

हे बिघडलं कशाने? पहिल्या सीझनचा शेवट ९ मार्च २०१४ चा, दुसऱ्याची सुरुवात २१ जून २०१५ ची. मध्ये जेमतेम सव्वा वर्ष, आणि तेवढ्यात लेखन, चित्रीकरण, संकलन सगळं. एचबीओचे तेव्हाचे कार्यक्रमप्रमुख मायकेल लोम्बार्डो यांनी पुढे २०१६ मध्ये, पदावर असतानाच, प्रसारणाची तारीख गाठण्यासाठी लेखकाला घाई केल्याचा दोष स्वतःकडे घेतला. घाई पडद्यावर दिसते. एकेक संवाद पुन्हा लिहायला हवा होता, विशेषतः वॉनच्या तोंडचे. भावनेने बोलायचं तिथे हा गुंड व्याख्यान देतो. भरीस भर म्हणजे मुख्य पात्रं दोनाची चार झाली, भाग मात्र आठच राहिले. फुकुनागा नव्हता. पहिले दोन भाग जस्टिन लिनने केले आणि पुढे दिग्दर्शक बदलत गेले, त्यामुळे शहराचं एकसंध वातावरण तयारच होत नाही. पडद्यावर सारखे वरून टिपलेले उड्डाणपूल दिसत राहतात.

तरीही तो भिकार आहे हे मला मान्य नाही. फॅरेलने रेच्या बापपणाची जी दैना दाखवलीय ती चारही सीझनमधल्या कुठल्याही अभिनयाशेजारी ठेवावी. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला छतावरच्या ओलीच्या डागांकडे पाहत फ्रँक लहानपणीची आठवण सांगतो, तिथे वॉनही जमतो. चौथ्या भागाच्या शेवटची भर रस्त्यातली चकमक अंगावर येते. लगेच पाचव्या भागात गोष्ट काही आठवडे पुढे उडी मारते आणि सगळ्यांच्या नोकऱ्या बदललेल्या असतात. ‘आपला एखादा भाग चुकला की काय’ असं वाटून मागे जाऊ नका, चुकलेला नसतो. शेवटचा भाग जवळजवळ दीड तासाचा आहे, तो सुट्टीच्या दिवशी ठेवा.

तिसऱ्यासाठी एचबीओने साडेतीन वर्षं घेतली आणि तो वेळ लेखनात दिसतो. आर्कान्सासच्या ओझार्क डोंगराळ भागातलं छोटं गाव, ७ नोव्हेंबर १९८०. बहीण-भाऊ सायकलींवर बाहेर पडतात आणि परत येत नाहीत. वेन हेज (महेर्शला अली) तपास करतो, १९९० मध्ये प्रकरण पुन्हा उघडतं, आणि २०१५ मध्ये स्मृतिभ्रंश झालेला म्हातारा वेन एका माहितीपटासाठी मुलाखत देतोय. अलीला आधी दुय्यम भूमिका देऊ केली होती. त्याने पोलिसात असलेल्या आपल्या आजोबांचे फोटो पिझोलाटोला पाठवले आणि मुख्य भूमिका मिळवली. सगळा सीझन त्या एका माणसाच्या डोक्यात घडतो, त्यामुळे काळ तीन असूनही गोंधळ होत नाही. काळ बदलताना पाटी येईलच असं नाही. आरशात पाहणारा तरुण वेन मान वळवेपर्यंत म्हातारा झालेला असतो. विस्मरण झालेल्या माणसाच्या डोक्यातून तपास दाखवायचा तर हाच मार्ग होता, आणि मांडणीचा हा विचार मला पहिल्या सीझनपेक्षाही पुढचा वाटतो.

ज्यांच्या घरात असं आजारपण आहे त्यांना हा सीझन जड जाईल, हे आधी सांगून ठेवतो. रात्री रस्त्यावर उभं राहून आपण इथे कशाला आलो हे न आठवणारा वेन पाहवत नाही. त्याची बायको अमेलिया (कार्मेन इजोगो) याच प्रकरणावर पुस्तक लिहिते, आणि त्यावरून दोघांत जी तणातणी होते तीत पहिल्या सीझनला न जमलेलं बाईचं पात्र शेवटी जमलंय. स्टीफन डॉर्फचा रोलंड आणि वेन यांचं सत्तरीतलं, म्हातारपणीचं भांडण आणि समेट हा सबंध मालिकेतला सगळ्यात हळवा भाग. दोष दोन. तिसरा-चौथा भाग रेंगाळतो, त्याच गवताच्या बाहुल्या, त्याच साक्षी. आणि आठव्या भागात रहस्य उलगडतं ते तपासातून नव्हे, एक पात्र बसून सगळं सांगून टाकतं म्हणून. पोलिसी कथा म्हणून ही पळवाट आहे. माझा वेनमध्ये जीव अडकलेला होता म्हणून ती खपली, इतकंच.

चौथ्या सीझनला ‘नाइट कंट्री’ असं वेगळं उपनाव आहे आणि तो लिहायला पिझोलाटो नाही. मेक्सिकन दिग्दर्शिका ईसा लोपेझने लिहिला आणि सहाही भाग तिनेच दिग्दर्शित केले. अलास्कातलं एनिस हे काल्पनिक गाव (चित्रीकरण आइसलँडमध्ये), १७ डिसेंबरला शेवटचा सूर्यास्त, आणि मग दिवस उजाडतच नाही. संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ नाहीसे होतात आणि बर्फात एकमेकांत गोठलेले सापडतात. पोलीसप्रमुख लिझ डॅनव्हर्स (जोडी फॉस्टर) आणि राज्य पोलिसांतली इव्हँजेलिन नवारो (काली रीस, जी खऱ्या आयुष्यात माजी जागतिक विजेती मुष्टियोद्धा आहे) यांचा जुना वाद आणि खाणीला विरोध करणाऱ्या एका इन्युपिॲट (अलास्कातल्या मूळनिवासी) बाईचा न सुटलेला खून यात मिसळतो.

लावण्याआधी टीव्हीचं चित्र ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’वरून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’वर आणा, खोलीतले दिवे घालवा, ॲपमधली दर्जाची सेटिंग ‘ऑटो’वरून वर चढवा. नेट हळू असेल तर अंधारातल्या दृश्यांत काळे-करडे चौकोन दिसतात आणि निम्मं काम तिथेच वाया जातं.

पहिले दोन भाग उत्तम आहेत. गोठलेल्या प्रेतांचा तो एकसंध गोळा गावातल्या बर्फावरच्या हॉकीच्या मैदानात आणून ठेवतात. सावकाश वितळवला नाही तर शवविच्छेदनच करता येणार नाही, आणि गावात तेवढी थंड आणि मोठी दुसरी जागा नाही. छोट्या ठाण्याची ओढाताण एवढ्या एका तपशिलात दिसते. बिघाड होतो तो गर्दीने. डॅनव्हर्सचं दुःख, तिची सावत्र मुलगी, नवारोची बहीण, ठाण्यातले बाप-लेक, खाण, पाण्याचं प्रदूषण, जुना खून, नवी प्रेतं, आणि हे सगळं सहा भागांत. दुसऱ्या सीझनचं दुखणं इथे नव्या रूपात परतलंय. दिग्दर्शक एकच असला की सगळं जुळतं असं मानणाऱ्यांनी हा सीझन जरूर पाहावा.

त्यात पहिल्या सीझनच्या खुणा कोंबल्यात: ती वर्तुळाकार नक्षी, टटल हे नाव, रस्टचे वडील, काळाबद्दलचं ते प्रसिद्ध वाक्य. यातल्या एकाचीही कथेला गरज नव्हती. पहिल्याच्या चाहत्यांना त्या परक्या वाटल्या आणि नव्या प्रेक्षकांना कळल्या नाहीत. पिझोलाटोने समाजमाध्यमांवर उघड नापसंती दाखवली, आणि मग भांडण मालिकेपेक्षा मोठं झालं. दुसऱ्या बाजूला एचबीओने हा सर्वांत जास्त पाहिला गेलेला सीझन म्हणून जाहीर केला, फॉस्टरला २०२४ चं एमी मिळालं, आणि पाचवा सीझन लोपेझकडेच सोपवल्याची घोषणा फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. शेवटच्या भागातला खुलासा मला पटला. गावात कुणाकडे कुणाचं लक्ष जात नाही, त्यावर तो बेतलाय आणि पहिल्या भागापासून डोळ्यांसमोर आहे. खून झालेल्या त्या बाईच्या नाहीशा झालेल्या जिभेचं आणि भुताखेतांचं उत्तर मात्र तो देत नाही. ते मिळेल या आशेने सहावा भाग लावू नका.

तीसही भागांना वेळ नसेल तर पहिला आणि तिसरा सीझन पूर्ण पाहा, चौथ्याचे पहिले दोन भाग पाहून पुढचं ठरवा. दुसऱ्याला पहिले चार भाग द्या, रस्त्यातल्या चकमकीपर्यंत. तिथवर रेचं पुढे काय होतं याची चिंता लागली नसेल तर खुशाल थांबा. सुटे निवडक भाग पाहण्याचा सोपा मार्ग या मालिकेत चालत नाही, कारण प्रत्येक सीझन म्हणजे एकच लांब गोष्ट आहे.